‘हे एनएचएसमध्ये होत नाही’

गेल्या ऑक्टोबरात एका गुरुवारी रात्री माझी उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. लवंग धरून झाली, पॅरासिटामॉल झाली, आयबुप्रोफेन झाली, पहाटे चारला मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होतो आणि सकाळी आठला डेंटिस्टची प्रॅक्टिस उघडल्या उघडल्या फोन लावला. इंग्लंडमध्ये येऊन मला चौदा वर्षं झाली, एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, डेंटिस्ट आहे म्हणजे आजच्या हिशोबात मी नशीबवान, त्यामुळे त्याच दिवशी दुपारची वेळ मिळाली. एक्स-रे काढला. डेंटिस्टने स्क्रीनकडे बघतच सांगितलं की कीड आत दाढेच्या नसेपर्यंत पोचलीये, आता दोनच मार्ग आहेत, एनएचएसमध्ये दाढ काढून टाकतो, आणि वाचवायची असेल तर रूट कॅनाल, पण ते प्रायव्हेट, ७८० पाउंड, कारण दाढेचं रूट कॅनाल एनएचएसमध्ये होत नाही.

मी हो म्हणालो. रात्रभर झोप नाही, खुर्ची मागे कललेली, तोंडावर दिवा, नर्स बाजूला उभी. गरजवंताला अक्कल नसते असं माझी आजी म्हणायची, ते त्या दुपारी मला पुरेपूर पटलं. बाहेर आलो, काउंटरवर कार्डाने २०० पाउंड डिपॉझिट भरलं, टॅबलेटवर सही केली, कशावर केली ते वाचलंही नाही.

दाढेचं रूट कॅनाल एनएचएसमध्ये होतं. बँड दोनमध्ये, म्हणजे फीच्या दुसऱ्या टप्प्यात होतं, आणि त्या बँडचा इंग्लंडमधला पेशंटचा दर एप्रिल २०२५ पासून ७५.३० पाउंड होता. मला सांगितलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. वर कॅप बसवायची असली तर बँड तीन, तेव्हा ३२६.७० पाउंड, आणि ते सुद्धा सगळं मिळून, म्हणजे तपासणी, एक्स-रे, रूट कॅनाल, कॅप, एका कोर्स ऑफ ट्रीटमेंटमध्ये जे जे येईल ते सगळं त्या एका रकमेत. शिवाय एनएचएसमध्ये केलेल्या रूट कॅनालला किंवा फिलिंगला बारा महिन्यांत काही झालं तर तीच प्रॅक्टिस ते परत फुकट करून देते. हे काही गुपित नाहीये, वेबसाइटवर लिहिलेलं आहे. पण दात ठणकत असताना वेबसाइट कोण वाचतं?

मला हे कळलं ते आमच्या ओळखीतल्या एका मुलीमुळे. तिने नगरला बीडीएस केलंय, इथे नवऱ्याबरोबर आली आणि डेंटिस्ट म्हणून नाव नोंदवायला जी ओआरई परीक्षा द्यावी लागते तिच्या जागा मिळण्याची वाट बघत सध्या एका प्रॅक्टिसमध्ये डेंटल नर्सचं काम करतेय. मी तिला सहज म्हणालो की बघ बाई इकडे दाढ वाचवायला पाऊण हजार पाउंड लागतात, तर ती एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, दादा, तुम्हाला असं तोंडी सांगितलं की लिहून दिलं? मी म्हटलं तोंडी. ती म्हणाली, ‘लिहून कधीच देत नाहीत. लिहून दिलं तर अडकतात.’

अडकतात, कारण नियम स्पष्ट आहे. डेंटिस्ट एनएचएसशी जो करार करतो त्याचे नियम २००५ साली केलेत आणि त्यात थेट लिहिलंय की पेशंटने प्रायव्हेटला हो म्हणावं म्हणून, आवश्यक असलेली ट्रीटमेंट करारात मिळत नाही असं त्याला सांगायचं नाही, आणि करारातल्या ट्रीटमेंटच्या दर्जाबद्दल त्याची दिशाभूलही करायची नाही. डेंटिस्टांची नोंदणी ठेवणारी जनरल डेंटल काउन्सिल, तिच्या २०१३ च्या आचारसंहितेतही तेच आहे, एनएचएसमध्ये मिळणारी गोष्ट फक्त प्रायव्हेटमध्येच मिळते असं पेशंटला भासवू नका. बँड दोन, बँड तीन किंवा एनएचएस आणि प्रायव्हेट मिसळून असेल तर ट्रीटमेंट प्लॅन लेखी द्यायचा, त्याचा वेगळा फॉर्म आहे. २००५ चा नियम कागदावर असतानाही २०१२ मध्ये इथल्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने, म्हणजे बाजारातल्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डेंटल मार्केटचा अभ्यास केला तेव्हा अंदाज काढला की वर्षाला साधारण पाच लाख पेशंटांना एनएचएसमध्ये आपल्याला काय मिळू शकतं याबद्दल डेंटिस्टकडून चुकीची माहिती मिळत असावी. पाच लाख. आणि ते सुद्धा तेव्हा, जेव्हा आजच्या मानाने एनएचएसचा डेंटिस्ट मिळणं पुष्कळ सोपं होतं.

आपल्या लोकांबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. स्किल्ड वर्कर व्हिसावर जी मराठी मुलं-मुली पुण्या-मुंबईहून इकडे येतात ती व्हिसाच्या वेळीच इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरून येतात, फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पाउंड आहे, म्हणजे लाखाच्या वर रुपये, आणि तोही व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचा एकदम. या पैशात एनएचएसची डेंटल सेवाही इथल्या माणसाला ज्या दरात मिळते त्याच दरात मिळायला हवी. पण आपल्याकडे ऑफिसात पहिल्या दिवसापासून कानावर काय पडतं तर ‘दाताचं काही असेल तर इंडियाला गेल्यावर करून घे’. मग लोक डिसेंबरच्या तिकिटाची वाट बघत एका बाजूने चावत जेवतात. लग्नं, नातेवाईक, देवदर्शन आणि त्यात चार दिवस दातांच्या डॉक्टरकडे चकरा. मला यात काही चूक वाटत नाही, आपल्याकडचे डेंटिस्ट उत्तम आहेत, पण हक्काची गोष्ट आहे हेच माहीत नसल्यामुळे माणूस पाच महिने दुखणं अंगावर काढतो याचा मला त्रास होतो. आणि जो लाजून, घाबरून, इंग्रजीत वाद घालायची सवय नसल्यामुळे ‘ओके’ म्हणतो तो या विक्रीला सगळ्यात सोपा सापडतो. मी स्वतः इथे चौदा वर्षं काढून ‘ओके’ म्हणालो, तर नव्याने आलेल्याने काय करावं?

आमच्याच ओळखीतली दुसरी एक मुलगी, सातवा महिना, हिरड्यांतून रक्त यायचं. गरोदरपणात होतं असं. इथे गरोदर बाईला आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत आईला एनएचएसची डेंटल ट्रीटमेंट पूर्ण फुकट असते, तिच्याकडे त्याचं सर्टिफिकेटही होतं. तिला सांगितलं की क्लीनिंग हायजिनिस्ट करते आणि हायजिनिस्ट प्रायव्हेटच असते, ६५ पाउंड. आता हायजिनिस्ट प्रायव्हेट असू शकते, पण हिरड्यांच्या आजारासाठी साफसफाई गरजेची असेल तर ती एनएचएसमध्येच मिळायला हवी, मग ती कोणीही करो. तिने ६५ पाउंड दिले. दोन वेळा दिले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर सगळाच प्रायव्हेट पर्याय म्हणजे लुबाडणूक असं वाटेल. नुसते दात पांढरे करायचे असतील तर ते एनएचएसचं काम नाही. इम्प्लांट अगदी अपवादात्मक केसमध्येच मिळतं. मागच्या दाढेत चांदी न भरता दाताच्या रंगाचं फिलिंगच हवं, आणि ते फक्त दिसायला बरं म्हणून हवं, तर त्याचे पैसे मागणं रास्त आहे. डेंटिस्टने हे पर्याय सांगावेत, जरूर सांगावेत, ज्याला परवडतं तो घेईल. माझं भांडण ‘हेही आहे’ म्हणणाऱ्याशी नाहीच, ते आहे ‘ते नाहीच’ म्हणणाऱ्याशी. आणि या दोघांच्या मधला एक प्रकार आहे तो मला सगळ्यात वाईट वाटतो, ‘होतं एनएचएसमध्ये, पण मी तुमच्या जागी असतो तर नसतं केलं’. दर्जाबद्दल दिशाभूल करू नका असं जे नियमात लिहिलंय ते याच वाक्यासाठी आहे. कारण हे वाक्य बोलणारा आणि ती एनएचएसची ट्रीटमेंट करणारा माणूस एकच असतो, आणि मग पेशंटला कळतं ते इतकंच की पैसे दिले नाहीत तर हा हातचं राखून काम करेल.

डेंटिस्ट असं का वागतात याचं ‘लोभ’ हे एका शब्दातलं उत्तर मला पटत नाही, आणि यासाठी थोडं मागे जायला लागेल. एनएचएस सुरू झाली ५ जुलै १९४८ ला, तेव्हा दात, चष्मे, कवळ्या सगळं फुकट होतं. लोक इतकी वर्षं तसेच राहिलेले, झुंबड उडाली. आणि तीनच वर्षांत, १९५१ मध्ये, फुकट आरोग्यसेवेला पहिलं भोक पडलं ते कवळ्या आणि चष्म्यांवरच्या फीने, ज्या अन्यूरिन बेव्हनने एनएचएस उभी केली त्याने त्यावरून मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढच्या वर्षी दातांच्या ट्रीटमेंटवरही फी आली. म्हणजे दात हे एनएचएसचं पहिल्यापासून सावत्र मूल. डॉक्टरकडे गेलात तर अजूनही एक पेनी लागत नाही, डेंटिस्टकडे लागते, आणि ‘इथे पैसे लागतात’ हे एकदा माणसाच्या मनात बसलं की किती लागतात आणि कशाचे लागतात हे त्याला सांगणाऱ्यावर सोपवावं लागतं.

२००६ पर्यंत डेंटिस्टला प्रत्येक कामाचे वेगळे पैसे मिळायचे, सुमारे चारशे कामांची यादी होती. त्याचाही एक रोग होता, गरज नसताना ड्रिल करून भरायचं, १९८६ मध्ये यावर एका सरकारी चौकशी समितीचा अहवालसुद्धा आला होता. एप्रिल २००६ पासून नवीन करार आला आणि त्यात यूडीए नावाचं माप आलं, युनिट ऑफ डेंटल अ‍ॅक्टिव्हिटी. तपासणीला एक यूडीए, फिलिंग असो, दात काढणं असो, रूट कॅनाल असो, त्याला तीन, कॅप किंवा कवळीला बारा. आता बघा, एक फिलिंग केलं तरी तीन, सहा फिलिंग केली तरी तीन, दाढ वीस मिनिटांत उपटली तरी तीन आणि दीड-दोन तास बसून तिचे तीन-चार कॅनाल साफ केले तरी तीन. यूडीएला २५ पाउंड धरले तर ७५ पाउंड, त्यात नर्सचा पगार, जागेचं भाडं, आणि २००७ पासून रूट कॅनालच्या फाइल्स एकदा वापरून टाकून द्यायच्या असा आदेश, म्हणजे तो खर्च आणखी. मग व्हायचं ते झालं. २००८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या आरोग्य समितीने नोंदवलं की २००४ पासून रूट कॅनालचं प्रमाण ४५ टक्क्यांनी घटलंय आणि दात काढण्याचं वाढलंय. लोकांच्या दातांचा आजार तर काही बदलला नव्हता, बदललं होतं ते बिलाचं गणित.

आणि वर्षाच्या शेवटी ठरलेल्या यूडीएच्या ९६ टक्क्यांपेक्षा कमी भरले तर एनएचएस पैसे परत घेते. म्हणजे ज्याचे पेशंट जास्त आजारी, ज्याच्या गावात गरिबी जास्त, तो डेंटिस्ट जास्त वेळ घालवतो, कमी यूडीए कमावतो आणि त्यालाच दंड बसतो. असल्या करारात टिकून राहायला माणूस संतच पाहिजे. नोव्हेंबर २०२२ मध्ये थोडी दुरुस्ती झाली, तीन किंवा जास्त दातांचं काम असेल तर पाच यूडीए, दाढेच्या रूट कॅनालला सात. २०२४ मध्ये यूडीएचा किमान दर २८ पाउंड केला. म्हणजे माझ्या दाढेचे त्या प्रॅक्टिसला कमीत कमी १९६ पाउंड मिळाले असते, ७५ नाही. तरी ७८० पुढे ते काहीच नाही, हे मी मान्य करतो. ब्रिटिश डेंटल असोसिएशनचा हिशोब आहे की एनएचएसची कवळी बसवली की साधारण प्रॅक्टिसला ४२.६० पाउंडांचा तोटा होतो आणि नवीन पेशंट तपासला की ७.६९ चा. ही डेंटिस्टांचीच संघटना आहे, तिचा हिशोब तिच्या बाजूचा असणार, पण आकडा निम्मा धरला तरी तोटा तो तोटाच.

इथपर्यंत मी डेंटिस्टांच्या बाजूने आहे. सरकारने वीस वर्षं एक मोडका करार चालवला, ज्यात काळजीपूर्वक काम करणारा मार खातो. पण माझे काही मित्र इथून पुढे जी उडी मारतात ती मला मान्य नाही, की करारच असा आहे तर बिचारे डेंटिस्ट करणार काय. करण्यासारखं खूप आहे. तो म्हणू शकतो की ही दाढ अवघड आहे, माझ्या हातातली नाही, मी तुम्हाला एनएचएसमध्येच पुढे रेफर करतो, वेळ लागेल. तो म्हणू शकतो की ही तुम्हाला ७५ पाउंडांत मिळायला हवी, पण सरकार मला यात पुरेसं देत नाही, माझ्याकडे दोन महिने वेळ नाहीये, तुमच्या खासदाराला लिहा, हा घ्या कागद. तो एनएचएसचा करार सोडू शकतो आणि दारावर पाटी लावू शकतो की इथे फक्त प्रायव्हेट, हजारोंनी तसं केलंय आणि मला त्यांच्याबद्दल राग नाही, ते निदान खोटं बोलत नाहीत. हे सगळं सोडून ‘होत नाही’ म्हणणं हा काही नाइलाज नव्हे. ती निवड आहे.

आणि मला जे मुख्य सांगायचंय ते हे, की या खोट्यामुळेच तो मोडका करार टिकून राहिलाय. माझी दाढ घ्या. मी ७८० पाउंड भरले असते तर एनएचएसच्या नोंदीत काय दिसलं असतं? एक तपासणी, एक एक्स-रे, बँड एक, एक यूडीए, पेशंट समाधानी. मला आवश्यक ट्रीटमेंट नाकारली याची कुठेच नोंद नाही. नसते पैसे आणि दाढ काढली असती तर? एक दात काढला, तीन यूडीए, काम पूर्ण. म्हणजे मी पैसे देऊन सुटलो काय आणि दाढ गमावून सुटलो काय, वर बसलेल्या माणसाला दोन्हीकडे हिरवा आकडा दिसतो. सरकार म्हणतं ट्रीटमेंट तर चालू आहेत. डेंटिस्ट म्हणतो पेशंटने स्वतः निवडलं, सही आहे. आणि जो नकार प्रत्यक्षात घडला तो त्या खोलीत तिघांच्या मध्येच विरून जातो. रांगा दिसतात, फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात एक एनएचएस प्रॅक्टिस उघडली तर शेकडो लोक रस्त्यावर रांगेत उभे राहिले, पोलिसांना यावं लागलं, ते फोटो जगाने बघितले. बीबीसीने २०२२ मध्ये फोन करून बघितलं तर दहातल्या नऊ प्रॅक्टिस नवीन मोठ्या पेशंटला एनएचएसमध्ये घेत नव्हत्या, ती बातमी झाली. पण जो आधीच आत आहे, खुर्चीत आहे, ज्याला आत असूनही बाहेर काढलं जातं, तो कुठल्याच फोटोत येत नाही.

यावर उत्तर येतं की प्रायव्हेटच्या पैशावरच एनएचएसचा तोटा भरून निघतो, ते बंद केलं तर उद्या तुम्हाला एनएचएसचा डेंटिस्टच मिळणार नाही. यात तथ्य आहे. पण मग विचारा की हा भुर्दंड भरतं कोण. ज्याला दात पांढरे करायचेत त्याने भरला तर ठीक, त्याची हौस आहे. पण इथे भरतो तो ज्याचा दात दुखतोय, ज्याला माहिती नाही, जो वाद घालू शकत नाही. आमच्या शेजारच्या इंग्लिश आजी, ७६ वर्षांच्या, पेन्शनवर, त्यांनी कवळीसाठी प्रायव्हेटचे हप्ते लावलेत, कारण त्यांना सांगितलं की एनएचएसची कवळी बसत नाही, सारखी निघते. बँड तीनच्या तिप्पट पैसे. हा एनएचएसला दिलेला आधार म्हणायचा तर तो त्या आजींच्या किराण्याच्या पैशातून आलाय, आणि त्यांना न विचारता. सरकारी तूट भरायची तर टॅक्समधून भरा, सगळ्यांनी मिळून भरूया, मी भरायला तयार आहे. संसदेच्या पब्लिक अकाउंट्स कमिटीने २०२५ मध्ये सांगितलंच आहे की सध्याचा पैसा दोन वर्षांत जेमतेम निम्म्या लोकसंख्येला पुरेल इतका आहे. हे उघडपणे बोलायचं सोडून उरलेल्या निम्म्या लोकांना खुर्चीत एकेकटं गाठायचं, याला धोरण म्हणता येत नाही.

आपल्याकडे हे वाक्य नवीन नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा पेशंट घेऊन हॉस्पिटलात गेलेल्या कितीतरी लोकांनी ‘हे योजनेत बसत नाही’ ऐकलेलं आहे, आणि बसतं की नाही हे तिथल्या तिथे तपासायला हातात काहीच नसतं, पेशंट स्ट्रेचरवर असतो. देश वेगळा, पैसा वेगळा, पण वाक्य तेच आणि ते बोलण्याची वेळही तीच. म्हणून मला वाटतं की माहितीपत्रकं छापून, पोस्टर लावून हे सुटणार नाही. प्रॅक्टिसच्या वेटिंग रूममध्ये बँडचे दर लावलेलेच असतात, माझ्याही प्रॅक्टिसमध्ये होते, मी त्याच्याच खाली बसलो होतो.

मला हवंय ते असं. एनएचएसच्या पेशंटला आवश्यक कामासाठी प्रायव्हेट दर सांगायचा असेल तर आधी त्याच कामाचा एनएचएसचा दर त्याच कागदावर वरच्या ओळीत आला पाहिजे, आणि कागद पेशंटच्या हातात घरी गेला पाहिजे, टॅबलेटवर बोट फिरवून नाही. दुखणं थांबवायचं काम त्या दिवशी एनएचएसमध्ये करा आणि प्रायव्हेटचा होकार दुसऱ्या दिवशी घ्या, भुलीचं इंजेक्शन उतरल्यावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नकाराला कोड द्या. एनएचएसला जे क्लेम जातात त्यातच एक रकाना करा, आवश्यक काम, इथे केलं नाही, कारण अमुक. ज्या दिवशी मँचेस्टर किंवा नॉरफोकमधून एका महिन्यात दाढेच्या रूट कॅनालचे हजार नकार मोजले जातील त्या दिवशी मंत्र्याला सात यूडीए पुरतात का हे कोणी समजावून सांगायला लागणार नाही. प्रामाणिक डेंटिस्टांना तर हा रकाना हवाच असेल, त्यांचीच बाजू त्यात मांडली जाईल. ती नगरची मुलगी म्हणते की तिच्या प्रॅक्टिसमध्ये दोन तरुण डेंटिस्ट आहेत, महिन्याच्या मीटिंगमध्ये कोणाचं प्रायव्हेट किती झालं याचा तक्ता दाखवतात, त्यातला एक जण नेहमी शेवटी असतो, आणि तिला स्वतःची दाढ दाखवायची वेळ आली तेव्हा ती त्याच्याकडेच गेली.

माझं म्हणाल तर मी सोमवारी प्रॅक्टिसला ईमेल केला, २००५ चा नियम आणि काउन्सिलच्या आचारसंहितेतलं कलम दोन्ही लिहिलं आणि विचारलं की मला जे तोंडी सांगितलं ते लेखी द्या. तीन दिवसांनी मॅनेजरचा फोन आला, आवाज अतिशय गोड, काहीतरी गैरसमज झालेला दिसतोय, डिपॉझिट परत करतोय, आणि हो, रूट कॅनाल एनएचएसमध्ये करून देऊ, वेगळ्या डेंटिस्टकडे, अकरा दिवसांनी. केलं त्यांनी. एक मध्यमवयीन बाई होत्या, पावणेदोन तास बसल्या, मान वर केली नाही, चारही कॅनाल शोधले, दाढ आज शाबूत आहे आणि मी त्याच बाजूने भाकरी खातो. पण ‘होत नाही’ असं मला का सांगितलं याचं उत्तर लेखी मागितलं होतं ते आलं नाही, दोनदा आठवण केली तरी नाही. पुढची तक्रार इथल्या आयसीबीकडे, म्हणजे भागाच्या आरोग्य मंडळाकडे करता येते. फॉर्म भरून ठेवलाय. शेजारच्या आजींनाही म्हटलं तुमचाही भरूया, तर त्या म्हणाल्या नको, उद्या त्यांनी मला काढून टाकलं तर मी जाऊ कुठे, वीस मैलांत कोणी घेत नाहीये.

माझी सहा महिन्यांची तपासणी एप्रिलमध्ये आहे. त्याच प्रॅक्टिसमध्ये.